दारू भरायची खोली

आमच्या घरात दारू होती आणि पिणारं कोणीच नव्हतं. एवढ्या एका वाक्यात सगळी हकिगत येते. पण वेळ होती तेव्हा ते वाक्य मला पुरं करता आलं नाही, म्हणून आता एवढं लांबण लावावं लागतंय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही जर्मनीत, र्युसेल्सहाइमला राहायचो. हे डार्मश्टाटला डॉक्टरेट करायला आले, ती झाली, मोटारींच्या कामात नोकरी लागली, आणि ‘दोन वर्षांत परत जाऊ’ म्हणता म्हणता वीस वर्षं झाली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली होती. मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हजरजबाबी समजत होते. आता सत्तरीतून त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. जीभ अशी, की भाजी चिरायला विळीची गरज नव्हती. अक्कल मात्र माळ्यावर टाकलेली, सणासुदीला काढण्यासाठी.

हे माझ्या उलट. मोजून बोलणार. डाव्या हाताला दुधाचं पातेलं उतू जात असलं तरी ‘दूध’ एवढंच म्हणायचे, ‘उतू जातंय’ हे मी समजून घ्यायचं.

शेजारचे एक निवृत्त आजोबा होते. त्यांनी ह्यांना एका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात नेलं. श्यूत्सेनफेराइन म्हणतात त्याला. जर्मनीत देवळाशिवाय गाव सापडेल, त्याच्याशिवाय नाही. लांबवर कागदाची चकती लावायची, तिच्यावर गोळ्या मारायच्या, भोकं मोजायची आणि मग सगळ्यांनी बसून बिअर प्यायची. हे बिअरऐवजी सफरचंदाचा रस घ्यायचे. मला वाटलं, चार शनिवार जातील आणि कंटाळतील. पण ह्यांना गोडी लागली ती बंदुकीची नव्हे, काडतुसांची.

“विकतची सगळी सारखी नसतात,” एकदा जेवताना म्हणाले.

“काय?”

“काडतुसं. आपली आपण भरली तर प्रत्येक सारखं होईल.”

तिथे लोक घरी काडतुसं भरतात. त्यासाठी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवानगी लागते, ती मिळाली की मगच. तर हा डॉक्टरेट झालेला, पन्नाशीला आलेला माणूस स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन घोकत बसला. पास झाले तेव्हा मी शिरा केला. हसू नका, खरंच केला.

समजायला सोपं आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळेची पुंगळी उरते, ती परत वापरता येते. बुडाची जळकी टिकली काढायची, नवी बसवायची, आत दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. जर्मनमध्ये या दारूला ‘पुल्फर’ म्हणतात. पण आमच्या घरात मराठी चालायचं, म्हणून आम्ही दारू म्हणायचो. शोभेची दारू, दारूगोळा, त्यातली. “अगं, दारू संपत आली, शनिवारी आणतो,” हे ते देवापुढे निरांजन ओवाळतानाही म्हणायचे. मला काही वाटायचं नाही. मुलगी सुट्टीला आली की तेवढी कानावर हात ठेवायची. “बाबा, दास क्लिंग्ट श्रेक्लिश!” ऐकायला भयंकर वाटतं, म्हणे. जर्मनीत वाढलेल्या, मराठीत उत्तर न देणाऱ्या पोरीला जे कळलं ते मराठी शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेल्या तिच्या आईला कळलं नाही.

पहिल्यांदा एकच यंत्र आलं. तळघरातल्या बाकाला बोल्टांनी आवळलेलं, बाजूला लांब दांडा. “एवढंच लागतं,” ते म्हणाले. लग्न ठरवताना मुलाकडचे म्हणतात ना, आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या, त्या जातीचं ते वाक्य होतं. महिन्याभरात दारू तोलायला काटा आला. पहिला काटा खरं बोलतो का हे बघायला दुसरा आला. दोघांचं पटेना, म्हणून न्यायनिवाड्याला तिसरा. पुंगळीची लांबी कापायचं एक, तिचं तोंड घासायचं दुसरं, बुडाची खाच कोरायचं तिसरं. एक उभं नळकांडं आलं, त्याला मूठ. ती फिरवली की ठरलेल्या मापाची दारू खाली पडायची. “चकलीचा सोऱ्या झाला हा,” मी म्हणाले. हे म्हणाले, “गेनाऊ.” अगदी बरोबर, अशा अर्थी. माझी चेष्टा त्यांना शाबासकी वाटायची, त्यामुळे चेष्टा करण्यात काही राम उरायचा नाही. मग पुंगळ्या चकचकीत करायला एक ड्रम आला. त्यात अक्रोडाच्या कवचांचा भुगा घालून तो तासन्तास खळखळत ठेवायचा. रविवारी तिकडे भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी बघतात, म्हणून शनिवारी दुपारीच तो चालायचा आणि आमची अख्खी दुपार वाळूच्या ट्रकमध्ये बसल्यासारखी जायची.

“अहो, पितळ घासायला एवढं यंत्र? घरात चिंच नाही का?”

हे बोलून मी थांबले असते तर शहाणी. एके दिवशी हे कामावर असताना मी डबाभर पुंगळ्या चिंच आणि मीठ लावून घासल्या. पूजेच्या उपकरण्यांसारख्या लखलखल्या. टेबलावर कापड पसरून मांडून ठेवल्या, शेजारी उभी राहिले. ह्यांनी एक उचलली, खिडकीशी नेली, आत डोकावले.

“मीठ घातलंस?”

“चिमूटभर.”

“हं.”

सगळ्या भंगारात गेल्या. मीठ आत राहिलं तर पितळ कुजतं, दाब पडला की फाटतं. रागावले नाहीत. उलट, “छान दिसत होत्या,” म्हणाले, दोनदा. माणूस असा असला की बायको वाह्यात होते. मी झाले.

आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिला आम्ही आईंची खोली म्हणायचो. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मिरजेला धाकट्या दिरांकडे राहायच्या. त्यांचं आमच्याकडे येणं किती वर्षं चाललं होतं! एकदा पासपोर्ट आला नाही, एकदा जावेचं बाळंतपण, एकदा गुडघा. पण खोली तयार होती. उंच नको म्हणून बुटका पलंग, भिंतीत देवांसाठी फळी, खिडकीत खुर्ची. आणि येत्या उन्हाळ्यात त्या येणार हे नक्की ठरलं होतं. तीन महिने.

त्या हिवाळ्यात तळघराला ओल आली. पुंगळ्या हिरव्या पडायला लागल्या, काटे चुकायला लागले. दारूचं कुलूपबंद कपाट नियमाप्रमाणे खालीच राहिलं, पण बाकीचं हे “तात्पुरतं” वर घेऊन आले. आईंच्या खोलीत. आधी एक बाक, मग दुसरा. होळीच्या सुमाराला पलंग भिंतीला उभा टेकलेला होता, देवांच्या फळीवर काटे बसले होते, आणि खुर्चीत अक्रोडाच्या भुग्याचं पोतं.

“आई यायच्या आत काढतो.”

“आणि काय म्हणून सांगणार आहात त्यांना?”

“काही सांगू नको. बंदूक म्हटलं की घाबरेल.”

मी कबूल केलं. बंदुकीचं नाव काढायचं नाही. हे इथे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी याच कबुलीच्या पदराआड तोंड लपवलं.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. मी त्यांना फोटोतच पाहिलं. शाळामास्तर होते आणि पिऊन पिऊन गेले. सकाळी उठवत नसलं की सासूबाई हेडमास्तरांना चिठ्ठी लिहायच्या, ‘पित्त खवळले आहे, आज येऊ शकत नाहीत.’ पंधरा-सोळा वर्षं पित्त खवळत होतं. चिठ्ठी पोचवायचं काम थोरल्या मुलाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे. इतक्या वर्षांत ह्यांनी दारूचा थेंब घेतला नाही, तो यामुळे. एवढं सगळं मला माहीत होतं. नव्यानं कळलं असतं तर निदान सबब तरी झाली असती.

मार्चमधला रविवार. फोनचं कार्ड खरवडून, लांबलचक नंबर फिरवून मी मिरजेला फोन लावला. दर रविवारी लावायचे.

“तो कुठाय?” सासूबाईंनी विचारलं. “मागच्या रविवारीही नव्हता.”

“आहेत की घरातच, आई. कामात आहेत.”

“रविवारी कसलं काम?”

बंदूक म्हणायचं नव्हतं. माझी जीभ नेहमीप्रमाणे माझ्या दोन पावलं पुढे होती. “काही नाही हो, दारू भरत बसलेत. शनिवार-रविवार तेच. आता तर तुमच्या खोलीपर्यंत आलंय सगळं, पाऊल ठेवायला जागा नाही!”

पलीकडे नुसती खरखर.

“कधीपासून?”

“झालं की दीड वर्ष. सुटायचं काही लक्षण नाही.” मी हसत होते. माझ्या डोळ्यांपुढे तीन काटे होते.

“आणि तू बोलत नाहीस?”

“मी काय बोलणार? शेजारच्यांनी लावलं हे खूळ, दर शनिवारी क्लबात नेतात…”

मग कार्डवरची बाई मिनिटं संपल्याचं सांगून मोकळी झाली.

मी स्वयंपाकघरात आले, कढी ढवळायला घेतली, आणि तिसऱ्या वळशाला मला कळलं मी काय बोलले. दारू, क्लब, सुटायचं लक्षण नाही. मी ओट्याला धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे खाली आले, “काय झालं?” म्हणाले. “काही नाही, आठवलं काहीतरी.” म्हटलं पुढच्या रविवारी खुलासा करू, आईही हसतील.

पुढच्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “यंदा मी येत नाही गं. गुडघे धरतात. तुला एकटीला आधीच पुष्कळ आहे.”

आणि मी गप्प बसले.

खरं ते लिहिते. मला सुटल्यासारखं झालं. खोली रिकामी करायला नको. तीन महिने कोणी माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघणार नाही. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या मिरजेत असताना मला जास्त आवडायच्या. ह्यांनाही जरा बरंच वाटलं असावं. दुसऱ्याच शनिवारी आणखी एक यंत्र आलं. मी मनाशी म्हटलं, खुलासा करायचा तर बंदुकीचं नाव घ्यावं लागेल, ते तर ह्यांनी घेऊ नको म्हटलंय. मी काय करणार बिचारी! असं ते आज्ञाधारकपण. एरवी ह्यांनी सांगितलेलं एक ऐकलं असेल तर शपथ.

मग रविवार जात राहिले. सासूबाई ह्यांच्याशी थोडंच बोलायच्या. नवऱ्याला सरळ विचारलं की घर डोक्यावर घेई, तेव्हापासून त्यांना सरळ विचारायची धास्तीच बसली होती. मलाच विचारायच्या. “जेवतो का वेळेवर?” “नोकरी नीट चाललीय ना?” “तुझ्यावर हात तर नाही ना उचलत?” या शेवटच्या प्रश्नाला तरी माझं हसू थांबायला हवं होतं. मी म्हणाले, “छे हो आई, काहीतरीच!” माझ्या आवाजातलं हसू त्यांना कसं ऐकू गेलं असेल याचा मी आता विचार करते.

एकदा फोनवर हे स्वतः होते. त्या शनिवारी स्पर्धेत नेम चुकला होता, तो त्यांच्या डोक्यात होता. आईनं तब्येत विचारली तर म्हणाले, “बरी आहे. हात थरथरतो हल्ली जरा.”

मी शेजारी उभी होते. आता सांग, असं मनात आलं. आणि आमटीला फोडणी द्यायला निघून गेले.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जावेचा फोन आला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण अंगात काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणत होते.

“वहिनी, तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या,” जाऊ म्हणाली. “वर्ष होत आलं, त्या एक वेळच जेवतात. रात्रीचं पान मांडूच देत नाहीत. भाऊजींची सुटेपर्यंत, म्हणून देवापुढे बोलल्यात.”

“काय सुटेपर्यंत?” हे मी विचारलं. बघा निगरगट्टपणा.

“आता तुमच्यापाशी काय लपवायचं, वहिनी. दारू.”

चार दिवसांत आम्ही मिरजेला होतो. विमानात मी ह्यांना सांगायला तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा पाणी मागितलं.

सासूबाई पलंगावर एवढ्याशा झाल्या होत्या. हे डॉक्टरांकडे गेले, जाऊ स्वयंपाकात होती, आणि मी त्यांच्या पायाशी बसले. सगळं सांगितलं. एका दमात. अहो आई, ती प्यायची दारू नव्हे, बंदुकीची. काडतुसात भरतात ती. ह्यांना नेमबाजीचा नाद लागलाय, कागदावर मारतात, कोणाला इजा नाही. क्लबही तोच. हात थरथरतो तो नेमासाठी. मी मूर्ख, मीच तसं बोलले, तुमचा मुलगा अजूनही सफरचंदाचा रस पितो.

त्या ऐकत होत्या. सगळं ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. एक बाई दुसऱ्या बाईच्या हातावर ठेवते, तसा.

“मी पित्त म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “तू बंदूक म्हणतेस.”

“नाही हो आई, खरंच! मुलीला विचारा, तिला फोन लावून देते…”

“पोरीला नको गं यात ओढूस. मी पोराला ओढलं होतं.” डोळे मिटून घेतले. “फार सोसलंस. मला आधीच सांगायचं होतंस.”

जन्मभर खोटं पचवत आलेल्या माझ्यासारखीला त्या दिवशी खरं बोलावंसं वाटलं, आणि ते अगदी हुबेहूब दारुड्याच्या बायकोच्या खोट्यासारखं निघालं. मी पुढे काय बोलू? जितकं सांगत जाईन तितका त्यांचा विश्वास पक्का होणार. तीन काटे म्हणू? अक्रोडाचा भुगा म्हणू?

हे परत आले. सासूबाईंनी त्यांना जवळ बसवलं. मी दारात उभी.

“एक मागते. देशील?”

“बोल.”

“ते सोड.”

ह्यांनी वर माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला. ह्यांना वाटलं, मी बंदुकीचं सांगितलं, आणि आई घाबरलीय. रागावले नव्हते. फक्त, ‘सांगितलंस होय’, एवढंच.

“आई, त्यात धोका काही नसतो,” हे म्हणाले. “मी फार मोजून करतो.”

“सगळे मोजूनच करतात,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर हात ठेव. सोडली म्हण.”

‘सोडली’ म्हणाल्या त्या. ‘सोडलं’ नाही. मी निबंधातली बक्षीसवाली, मला लगेच ऐकू आलं. ह्यांना नाही आलं. बोलायचं तर तो क्षण होता, दोघं समोर होती. पण बोलले असते तर आईंना वाटलं असतं, बायको अजून पाठीशी घालतेय, हा सोडणार नाही. आणि ह्यांना कळलं असतं की गेलं वर्षभर आपली आई आपल्याला कोण समजून उपाशी राहिली. दोघांसाठी गप्प राहिले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भ्यायले.

ह्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, “सोडली.”

त्या रात्री सासूबाई जेवल्या. मऊ भात, वरण, लिंबाची फोड. जावेनं पान मांडलं तर म्हणाल्या, “तूप वाढ की, हात आखडू नको.” घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला. सहा आठवड्यांनी त्या गेल्या. आम्ही परत आलो होतो. हे एकटे पुन्हा गेले.

तिथून आल्यावर पहिल्या शनिवारी ह्यांनी आईंच्या खोलीचं दार उघडलं आणि बोल्ट सोडवायला घेतले. दारू परवानगी असलेल्या क्लबातल्या एका सोबत्याकडे गेली, कागदपत्रं करून. यंत्रं एकेक करून गेली. लोक येत, ह्यांच्याशी तासभर बोलत, हे त्यांना प्रत्येकाची खोड समजावून सांगत, ‘हा दांडा थंडीत जड जातो’, ‘हा काटा पहिली दहा मिनिटं खोटं बोलतो’. मुलगी सासरी पाठवताना सांगतात तसं. मी चहा करत होते. चेष्टा सुचत नव्हती.

शेवटी पलंग आडवा केला, फळी पुसली. खोली परत आईंची झाली.

“तू सांगितलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “तिला कळायला हवं होतं. मीच भित्रा.”

यानंतरही मी आठ महिने गप्प होते.

मग एका रविवारी, भाजी निवडता निवडता, सांगून टाकलं. कार्ड, कढी, हसणं, गुडघे, सगळं. हे खिडकीशी उभे होते.

“कोणता रविवार होता तो?”

“मार्चमधला. दुसरा.”

ते कॅलेंडरपाशी गेले नाहीत. उभ्या उभ्याच मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. मार्चपासून मिरजेच्या त्या दिवसापर्यंत. “अठ्ठेचाळीस आठवडे,” म्हणाले, आणि जोडे घालून बाहेर गेले. माइन नदीकाठी दोन तास चालून आले. मी दारातच बसले होते.

“पुन्हा सुरू करा ना,” मी म्हणाले. “सगळं परत आणू. त्यांना कुठे माहीत होतं त्या कशाबद्दल वचन घेतायत!”

“मी कशाबद्दल देतोय ते मला माहीत होतं.”

एवढंच. पुढे कधी टोमणा नाही, टोचणं नाही. टोमण्यांवर संसार केलेल्या बाईला याहून कडक शिक्षा नाही, पण ते शिक्षा म्हणून करत नव्हते.

आमच्या मिरजेच्या घरात मात्र ती गोष्ट रुजली. थोरला परदेशात बिघडला होता, आईच्या शब्दाखातर सुटला. जाऊ अभिमानानं सांगायची. ह्यांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

काही वर्षांनी पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. जावेचा भाऊ, चाळिशीचा, दुपारीच झोकांड्या खात होता. जाऊ त्याला दंडाला धरून ह्यांच्यासमोर घेऊन आली. “भाऊजी, तुम्हीच समजावा याला. तुम्ही यातून गेलायत.”

मी तोंड उघडलं. आता तरी सांगावं, चारचौघांत. ह्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, “अगं, याला जरा पाणी आण.”

मी तांब्या घेऊन आले तर दोघं मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी मागेच थांबले.

“पहिले काही महिने हातांना सुचत नाही काय करावं,” हे सांगत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल. “शनिवारी दुपारी पाय आपोआप तिकडे वळतात. खोलीच्या दारापर्यंत जातोस. उघडतोस, तर आत काही नाही.”

“मग?”

“मग दार लावायचं. खाली यायचं. बायकोला वाटतं पेपर आणायला गेला होता.”

त्या माणसानं खुर्ची जरा जवळ ओढली. मग म्हणाला, “तुम्हाला अजून आठवण येते, दादा?”

“रोज,” हे म्हणाले.

मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. मी ते तसंच पुढे नेलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं.